स्टोरीबोर्ड नेमका कधी काढायचा? विद्यार्थी फिल्म आणि अ‍ॅनिमेशनच्या नियोजनाचा क्रम

कॉलेजच्या फिल्म प्रोजेक्टची सबमिशनची तारीख जवळ आली की दोन प्रकारच्या फाइली हातात येतात. एकीत स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रत्येक शॉट चौकटीत काढून दाखवणारी चित्रांची रांग, सुरेख रंगवलेला असतो, पात्राच्या केसांची बटसुद्धा दिसते, पण त्यातले निम्मे शॉट प्रत्यक्ष जागेवर लागतच नाहीत. दुसरीत फिल्म आधी शूट झालेली असते आणि मार्कांपुरते पॅनल (स्टोरीबोर्डमधल्या चौकटी) नंतर, व्हिडिओ पॉज करून करून उतरवलेले असतात. हात कुणाचाच वाईट नसतो. गोष्ट पक्की होण्याआधी आणि जागा बघण्याआधी पेन्सिल उचलली जाते, घोळ तिथं होतो.

खालचा क्रम तीन ते पाच मिनिटांच्या फिल्मसाठी आणि मिनिट-दीड मिनिटाच्या अ‍ॅनिमेशनसाठी आहे. उदाहरणाला एकच गोष्ट घेतो: नागपूरच्या महाल भागात राहणारी आठवीतली मुलगी आजोबांची जुनी सायकल विकायला निघते, तीही नेमकी मारबतीच्या, म्हणजे नागपुरातल्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या, दिवशी.

## १. आधी लांबी, मग गोष्ट

स्क्रिप्टचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, हा हिशोब ठरावीक फॉरमॅटमध्ये टाइप केलेल्या स्क्रिप्टचा आहे. वहीत हाताने लिहिलेल्या मराठी स्क्रिप्टला तो लागू पडत नाही. त्यापेक्षा मोबाइलचं स्टॉपवॉच लावा आणि स्क्रिप्ट मोठ्याने वाचा. संवाद बोला आणि कृती करून बघा. ‘ती सायकल बोळातून ढकलत नेते’ हे वाक्य दोन सेकंदांत वाचून होतं, पडद्यावर पंधरा सेकंद खातं. बहुतेक गटांची ‘चार मिनिटांची’ फिल्म या चाचणीत सात मिनिटांची निघते.

अ‍ॅनिमेशनवाल्यांनी हा हिशोब कागदावरच करावा. सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तरी सेकंदाला १२ चित्रं. म्हणजे ९० सेकंदांना १०८० चित्रं. एकट्याने रोज २० पूर्ण केली तरी ५४ दिवस, त्यात रंग आणि बॅकग्राउंड धरलेलं नाही. थांबलेली पोझ आणि चालण्याच्या पावलांची तीच ती चित्रं (वॉक सायकल) पुन्हा वापरून आकडा खाली येतो, पण तो किती खाली येईल हे बोर्ड झाल्यावरच कळतं. तोवर ९० ऐवजी ४५ सेकंदांची गोष्ट निवडणं शहाणपणाचं.

तपासा: गोष्ट दोन वाक्यांत सांगता येते का? तिसरं वाक्य लागलं तर कुठलं तरी पात्र किंवा उपकथानक जास्तीचं आहे.

## २. स्क्रिप्ट पक्की करा

‘तिला आजोबांची आठवण येते.’ हे वाक्य कसं काढणार? चेहरा उदास करून वर ढगात आजोबा? असली वाक्यं स्क्रिप्टमध्ये राहिली की बोर्ड काढणारा अडतो आणि फ्लॅशबॅक घुसवतो. वाक्य डोळ्यांना दिसेल असं करा: विकायच्या आधी ती घंटीवरची धूळ अंगठ्याने पुसते आणि घंटी वाजवून बघते. आता काढायला काहीतरी मिळालं, वाजवायलाही मिळालं.

मग प्रत्येक सीनला नंबर द्या आणि समोर लिहा: जागा, दिवस की रात्र, कोण कोण, कुठल्या वस्तू, कुठले आवाज. नंबर एकदा दिले की बदलायचे नाहीत. मध्ये सीन घुसवावा लागला तर तो ‘४ अ’. नवा सीन आला म्हणून पुढचे सगळे नंबर सरकवले, तर बोर्डवर पाचवा सीन एक आणि शॉट लिस्टवर दुसराच, असा गोंधळ शूटिंगच्या सकाळी उघडकीला येतो.

## ३. जागा बघून या

बहुतेकांचा इथंच कंटाळा असतो. ‘होते ना भाऊ, पाहून घेऊ तिथंच,’ हे वाक्य ऐकलं की त्या गटाचे पहिले दोन तास जागेवर वाद घालण्यात जाणार, हे समजून चालावं.

सीन ज्या वेळेला घडतो त्याच वेळेला रेकी, म्हणजे जागेची पाहणी, करा. सकाळी सातला बघितलेला इतवारीतला बोळ दुपारी बाराला ओळखू येत नाही. सात वाजता रिकामी असलेली जागा बाराला हातगाड्या आणि पार्क केलेल्या गाड्यांनी भरलेली असते. सोबत मोबाइल, मोजपट्टी आणि वही न्या. मोबाइल आडवा धरून, पात्र जिथं उभं राहणार तिथून आणि कॅमेरा जिथं ठेवणार तिथून, दोन्हीकडून फोटो काढा. कॅमेऱ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत किती अंतर मिळतं ते मोजा. दहा बाय बाराच्या खोलीत वाइड शॉट (अख्खी जागा दिसणारे) काढलेले बोर्ड मी बरेच पाहिले आहेत. त्या खोलीत मागे सरकायला जागाच नसते, भिंत आडवी येते.

उजेड. नागपूर मुंबईच्या बरंच पूर्वेला आहे, त्यामुळे सूर्य इथं जवळपास पंचवीस मिनिटं आधी मावळतो. डिसेंबरच्या मध्यावर साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. कॉलेज सुटल्यावर पाच वाजता फुटाळा तलावावर पोहोचून ‘संध्याकाळचा सीन’ लावणाऱ्यांच्या हाती अर्धा तास लागतो. मे महिन्यात उलटं दुखणं. महिनाअखेरीस, २६ मेच्या आसपास, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात. उन्हात मोबाइल तापून कॅमेरा बंद पडतो तो वेगळाच. उन्हाळ्यात बाहेरचे शॉट सकाळी साडेनऊच्या आत उरका. मोबाइलमधल्या होकायंत्राने दिशा बघून नकाशावर सूर्य कुठून कुठं जातो त्याचा बाण काढा.

आवाज. डोळे मिटून दोन मिनिटं उभे राहा आणि ऐकू येईल ते लिहा. वर्धा रोडवर डोक्यावरून मेट्रो जाते, दर काही मिनिटांनी. घरातल्या सीनला आपला खास शत्रू म्हणजे कूलर. एप्रिल-मेमध्ये कूलर चालू ठेवला तर संवाद बाद. बंद केला तर तिसऱ्या टेकपर्यंत पात्राचा शर्ट घामाने ओला आणि पहिल्या टेकशी जुळत नाही. यावर तोडगा बोर्डमध्येच काढता येतो: बोलणाऱ्याचे ओठ दिसणार नाहीत असे शॉट ठेवा, पाठमोरे, हातांचे, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याचे, आणि संवाद नंतर शांत खोलीत रेकॉर्ड करा. हे शूटिंगच्या दिवशी सुचून उपयोग नाही.

परवानगी. दुकानात, वाड्यात, घराच्या गच्चीवर मालकाची परवानगी घ्या आणि तारखेसकट चिठ्ठीवर सही घ्या. मेट्रो आणि रेल्वे स्टेशनवर आगाऊ परवानगीशिवाय ट्रायपॉड उघडू नका. रस्त्यावर गर्दी अडवणारं काही करणार असाल तर जवळच्या पोलीस ठाण्यात कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र देऊन ठेवा. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असेल तर विधानभवन, सिव्हिल लाइन्स, सीताबर्डी, झिरो माइल हा पट्टा सोडूनच द्या. बंदोबस्त आणि मोर्च्यांत तुमचं युनिट कुणी उभं राहू देणार नाही. ड्रोनचा शॉट काढायची हौस असेल तर आधी सरकारी ड्रोन नकाशावर ती जागा हिरव्यात आहे की लाल-पिवळ्यात ते बघा. विमानतळ सोनेगावला, शहराला लागूनच आहे.

आता आपला मारबतीचा सीन. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या या मिरवणुकीला रिटेक नाही, चुकली की पुढच्या वर्षी. गर्दीत अभिनय, संवाद आणि फोकस तिन्ही एकदम सांभाळता येणार नाही. म्हणून सीन दोन ढिगांत वाटा. त्या दिवशी फक्त तेवढंच घ्यायचं जे दुसऱ्या दिवशी मिळणार नाही: वरून गर्दी, पुढे सरकणारी मारबत, आणि गर्दीत सायकल धरून उभी मुलगी पाठमोरी. ‘घेऊन जा गे मारबत’चा आवाजही त्याच दिवशी पाच मिनिटं सलग रेकॉर्ड करा. मुलीचा चेहरा, हँडलवरची मूठ, चाकात अडकलेली झिरमिळी हे सगळं नंतर एखाद्या बोळात, आठ-दहा मित्रांचे खांदे फ्रेमच्या कडेला धरून निघतं. मात्र त्या मित्रांनी आणि मुलीने त्याच दिवशीचे कपडे घालायचे, आणि उजेड त्याच बाजूने यायला हवा.

सावधान: मिरवणुकीच्या दिवशी कलाकारासोबत एक माणूस फक्त तिच्याकडे लक्ष द्यायला ठेवा. अल्पवयीन मुलगी असेल तर पालक सोबत हवेतच.

अ‍ॅनिमेशन करणाऱ्यांनाही रेकी लागते. महालातल्या बोळाची रुंदी, वाड्याच्या दाराची उंची, सायकलच्या हँडलची मुलीच्या खांद्याशी असलेली उंची, याचे फोटो आणि मापं आणा. ती नसली की बॅकग्राउंड कुठल्याही गावाचं दिसतं.

## ४. वरून नकाशा

प्रत्येक सीनसाठी पक्ष्याच्या नजरेतून खोलीचा किंवा रस्त्याचा नकाशा काढा. पात्रांसाठी गोल, कॅमेऱ्यासाठी त्रिकोण, चालण्यासाठी बाण. दोन पात्रांना जोडणारी एक रेघ ओढा आणि सगळे कॅमेरे रेघेच्या एकाच बाजूला ठेवा. रेघ ओलांडली तर एकमेकांशी बोलणारे दोघे पडद्यावर एकाच दिशेला बघताना दिसतात आणि प्रेक्षक गोंधळतो.

दिशेचा हाच नियम प्रवासालाही लावा. मुलगी घरून दुकानाकडे जाते ते सगळ्या शॉटमध्ये डावीकडून उजवीकडे. परत येते ते उजवीकडून डावीकडे. एखाद्या शॉटमध्ये उलटी गेली की ती अर्ध्यातून माघारी फिरली असं वाटतं. दिशा बदलायचीच असेल तर मध्ये तिला कॅमेऱ्याकडे सरळ येताना किंवा वळताना दाखवा.

## ५. थंबनेल: जलद, घाणेरडे, भरपूर

आता पेन्सिल उचला, पण थंबनेलपुरतीच, म्हणजे शॉटच्या छोट्या कच्च्या चित्रांसाठी. पिवळ्या चिकट चिठ्ठ्या आणा आणि एका चिठ्ठीवर एक शॉट काढा, अर्ध्या मिनिटात. माणूस म्हणजे डोक्याचा गोल आणि खांद्याची रेघ. डोळे-नाक नको. चिठ्ठ्या भिंतीवर लावा, उचला, हलवा, फेका.

चिठ्ठ्याच का? वहीत काढलेलं पान फाडायला जीव होत नाही. आणि पहिला सुचलेला शॉट बहुधा टीव्हीवर पाहिलेला असतो. प्रत्येक सीनच्या सुरुवातीच्या शॉटसाठी तीन वेगळ्या चिठ्ठ्या काढा, मग एक ठेवा.

निवडताना बघा की शॉटचा आकार बदलतो का. मिड (साधारण कमरेपासून वरचा), मिड, मिड, मिड अशी रांग लागली असेल तर एडिटिंगला कापायला काही उरत नाही. तेच पात्र पुढच्या शॉटमध्ये पुन्हा असेल तर कॅमेरा निदान तीस अंश तरी सरकवा किंवा आकार ठळक बदला, नाहीतर कट झाल्यावर चित्र उडी मारल्यासारखं दिसतं.

तपासा: गटाबाहेरच्या कुणाला तरी भिंतीसमोर उभं करा आणि काही न सांगता गोष्ट सांगायला लावा. जिथं तो थांबेल तिथं चिठ्ठी कमी आहे. तुम्ही मध्ये तोंड उघडलं तर चाचणी बाद.

## ६. आता खरा बोर्ड

ए-फोर कागदावर दोन रांगांत सहा पॅनल बसतात. पॅनल ८ सेंटिमीटर रुंद आणि साडेचार सेंटिमीटर उंच ठेवा, म्हणजे १६:९ चं प्रमाण बरोबर येतं. चौकोनी पॅनलमध्ये काढलेली रचना आडव्या पडद्यावर बसत नाही, डोकी किंवा पाय कापले जातात. फिल्म उभी, मोबाइलसाठी असेल तर पॅनलही उभे. खाली लिहायला तीन-चार सेंटिमीटर जागा सोडा. संगणकावर काढायचं असेल तर स्टोरीबोर्डर, क्रिता आणि ब्लेंडर फुकट मिळतात. कागदाचे मोबाइलवर काढलेले फोटोही चालतात.

पॅनलखाली काय लिहायचं ते आपल्या दुकानाच्या सीनवर बघू:

शॉट ४-१. वाइड. बोळ, सायकल दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली. मुलगी डावीकडून सायकल ढकलत येते, मधोमध थांबते. कॅमेरा स्थिर. दुरून ढोल. ६ सेकंद.

शॉट ४-२. मिड, शटरखालून. दुकानदार हात पुसत वाकून बाहेर बघतो. ‘आज बंद आहे, बाई. मारबत नाही का!’ ४ सेकंद.

शॉट ४-३. क्लोजअप. घंटी, त्यावर अंगठा. धूळ पुसली जाते. घंटीचा आवाज, ढोल एकदम बंद. ३ सेकंद.

शॉट ४-४. ४-१ ची फ्रेम. मुलगी सायकल वळवते, उजवीकडून डावीकडे निघते. ५ सेकंद.

चौथा शॉट पहिल्याच कॅमेऱ्याच्या जागेवरून आहे, हे लिहून ठेवल्यामुळे ट्रायपॉड एकदाच लागेल. शूटिंगचा वेळ वाचतो तो अशा ओळींनी. पॅनलमधल्या शेडिंगने एक मिनिटही वाचत नाही.

बाणांची भाषा गटात एकच ठेवा. पात्र हलतं त्याचा बाण फ्रेमच्या आत, कॅमेरा हलतो त्याचा बाण फ्रेमच्या बाहेर. शॉटमध्ये पात्राची जागा बदलत असेल तर सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन पॅनल काढा, नंबर एकच, ४-१ क आणि ४-१ ख. झूम आणि ट्रॅक यात गल्लत नको: झूममध्ये कॅमेरा जागेवर असतो, ट्रॅकमध्ये तो सरकतो आणि सरकवायला काहीतरी लागतं. ते ‘काहीतरी’ तुमच्याकडे आहे का, हे पॅनलखालीच लिहा.

सावधान: प्रत्येक शॉटमध्ये कॅमेरा हलत असेल तर बोर्ड परत बघा. पात्राने काही करायचं ते कॅमेरा करतोय, असा त्याचा अर्थ निघतो.

## ७. अ‍ॅनिमॅटिक टाळू नका

अ‍ॅनिमॅटिक म्हणजे पॅनलना वेळ आणि आवाज देऊन केलेला कच्चा व्हिडिओ. वेळ नाही म्हणून हीच पायरी गाळली जाते, आणि नंतर सगळ्यात जास्त वेळ तिच्या अभावानेच जातो. पॅनलचे फोटो एडिटिंगमध्ये ओळीने टाका, पॅनलखाली लिहिलेले सेकंद द्या, संवाद मोबाइलवर स्वतःच्या आवाजात बोलून जोडा, ढोलाचा आणि घंटीचा तात्पुरता आवाज टाका. दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती याला पुरते.

मग तीनदा बघा. एकदा आवाजासकट: कुठं कंटाळा येतो? एकदा आवाज बंद करून: गोष्ट तरी कळते का? एकदा फक्त ऐकून: आवाज काही सांगतात की नुसतं पार्श्वसंगीत पसरलंय? ४-३ मध्ये ढोल बंद होण्याचा क्षण कागदावर छान वाटतो. प्रत्यक्षात दोन सेकंदांची शांतता कमी पडते हे इथं कानाला कळतं, आणि एक सेकंद वाढवला की सीन बसतो.

फिल्म लांब झाली असेल तर शॉट इथंच कापा. अ‍ॅनिमेशनवाल्यांना हे दुप्पट लागू आहे: कापलेला तीन सेकंदांचा शॉट म्हणजे ३६ चित्रं वाचली. अ‍ॅनिमॅटिक पक्का झाल्याशिवाय एकही शॉट पूर्ण रंगवायला घेऊ नका. ‘हा शॉट तर नक्कीच राहणार’ असं ज्याच्याबद्दल वाटतं तोच कापला जातो, कारण तो गोष्टीसाठी नाही, हौसेसाठी काढलेला असतो.

तपासा: अ‍ॅनिमॅटिकची लांबी सबमिशनच्या मर्यादेपेक्षा टायटल्ससाठी पंधरा-वीस सेकंदांनी कमी हवी.

## ८. शॉट लिस्ट आणि वेळापत्रक

बोर्ड गोष्टीच्या क्रमाने असतो, शूटिंग त्या क्रमाने करायचं नसतं. अ‍ॅनिमॅटिकमध्ये उरलेले शॉट एका तक्त्यात उतरवा आणि आधी जागेप्रमाणे, मग उजेडाप्रमाणे, मग कॅमेऱ्याच्या बाजूप्रमाणे लावा. एका बाजूचे सगळे शॉट उरकले की मगच दिवे आणि ट्रायपॉड फिरवायचे. आपल्या सीनमध्ये ४-१ आणि ४-४ पाठोपाठ, मग ४-२, शेवटी घंटीचा क्लोजअप. क्लोजअप शेवटी, कारण उजेड गेला तरी तो एका दिव्यावर कुठंही निघतो.

विद्यार्थी युनिट दिवसाला बारा ते पंधरा शॉट नीट घेतं. तीस लिहिले असतील तर तो एक दिवस नाही, दोन आहेत. प्रत्येक शॉटसमोर ‘हवाच’ किंवा ‘जमला तर’ असं लिहा. दोन तास उरलेले असताना काय सोडायचं हे तेव्हा भांडून ठरत नाही.

आदल्या रात्री ग्रुपवर कॉल शीट टाका: जागा लोकेशन पिनसह, प्रत्येकाची येण्याची वेळ, कपडे, वस्तू, खाणं-पाणी. नाश्त्याला तर्री पोहे मागवणार असाल तर कलाकारांनी ते कपडे बदलायच्या आधी खावेत. तर्रीचा डाग कंटिन्युइटीत, म्हणजे एका शॉटचे कपडे दुसऱ्याशी जुळवताना, लपत नाही.

## ९. बोर्ड हातात ठेवून काम

सेटवर बोर्डची छापील प्रत एकाच माणसाकडे असावी आणि त्याला दुसरं काम नसावं. शॉट झाला की तो पॅनलवर तिरकी रेघ मारतो, शेजारी चांगल्या टेकचा नंबर लिहितो. जागेवर काही बदललं तर पॅनलवरच लाल पेनाने. शटर पूर्ण बंद निघालं आणि दुकानदार बाजूच्या दारातून आला, तर त्याच्या बघण्याची दिशा बदलली. मग ४-१ मध्ये मुलगी कुठं बघते तेही बदलावं लागेल, आणि हे त्याच मिनिटाला कळायला हवं.

ट्यूबलाइट किंवा एलईडीच्या उजेडात चित्र लुकलुकत असेल तर कॅमेऱ्याचा शटर स्पीड १/५० किंवा १/१०० सेकंदावर आणा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, आणि मोबाइल ऑटोवर ठेवला तर तो स्वतःच्या मनाने वेग बदलत राहतो.

अ‍ॅनिमेशनमध्ये सेटची जागा फोल्डर घेतो. प्रत्येक शॉटचं फोल्डर बोर्डच्याच नंबराने: ०४_०१, ०४_०२. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरंच’ असली नावं कुणी दिली तर त्याच्याकडून ती त्याच दिवशी बदलून घ्या. शॉट पूर्ण झाला की अ‍ॅनिमॅटिकमधल्या त्याच्या पॅनलच्या जागी तो बसवा, म्हणजे अर्धी फिल्म रंगीत आणि अर्धी पेन्सिलची अशी ती रोज बघता येते आणि किती काम उरलंय ते वेगळं विचारावं लागत नाही. रोज रात्री दुसऱ्या हार्ड डिस्कवर कॉपी, आणि ती डिस्क दुसऱ्या कुणाच्या घरी.